इंजिन मोठे करावे काय?

गणित व विज्ञान हे विषय केवळ परीक्षेपुरतेच आहेत, असे पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटते. परंतु घरचा पैसा कोठे खर्चावा हे ठरवितानाही त्यांचा उपयोग कसा होतो, याचा एक प्रसंग आम्ही येथे देत आहो.

आगाशीच्या एका वाडीत राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी आपल्या आजोबांची साडेतीनशेची बुलेट वापरतो. मागे कोणी बसले की गाडी दमते, म्हणून तिचे इंजिन पाचशेचे करून घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले. घरात पैसे होते. पण ते वाडीतील पाण्याच्या पंपाकरिता राखून ठेवलेले. वडील म्हणत, "आधी पंप." मुलगा म्हणे, "आधी गाडी." अखेर दोघेही आम्हांकडे आले.

प्रथम आम्ही हिशेब मांडला. १९५५ साली मद्रासेस ज्या बुलेटचे काम सुरू झाले, तिच्या जुन्या धर्तीच्या इंजिनात सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर व पिस्टनची धाव ९० मिलिमीटर असे. वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून धावेने गुणले की ३४६ घनसेंटिमीटर येतात. पुढे निघालेल्या पाचशेच्या बुलेटमध्ये धाव तीच, व्यास मात्र ८४. व्यास सव्वापटीहूनही कमी वाढला. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने घनफळ ४९९, म्हणजे जवळजवळ दीडपट झाले.

येथवर मुलगा खूश होता. पण शक्ती त्या मानाने वाढली नाही. लहान इंजिनाची शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, मोठ्याची सुमारे २२. त्यातही वेगवान गाडीस मुख्य अडथळा हवेचा; त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून शक्ती शेकडा २२ वाढली, तरी कमाल वेग शेकडा सातच्या आसपासच वाढावयाचा! घाटात ओझे ओढताना मोठ्या इंजिनाचा उपयोग होतो, हे खरे. परंतु या मुलाची रोजची धाव विरार स्टेशनापर्यंत. तेथे वेग ठरवितात ती रिक्षांची गर्दी व रस्त्यावरील खड्डे.

शिवाय जुने सिलिंडर इतके कोरता येत नाही. नवे घ्यावे लागते. मग कार्बुरेटर, क्लच व ब्रेक यांचाही विचार ओघानेच येतो. कायद्याचा प्रश्न निराळाच. नोंदणीपुस्तकातील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. अपघात झाल्यास अशा गाडीच्या विम्याचाही वाद उपस्थित होऊ शकतो.

तेव्हा आम्ही मुलास विचारले, "गाडी पूर्वीपासूनच दमत असे काय?" तो म्हणाला, "नाही, आजोबांच्या वेळी चांगली ओढत होती." मग उणीव इंजिनाच्या आकारात नव्हती, झिजेत होती. मेकॅनिकाने इंजिन उघडले, तो सिलिंडर झिजलेले निघाले. ते थोडे कोरून पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसविला. याने घनफळ अवघे अडीच घनसेंटिमीटर वाढते. म्हणून ही सुधारणा नव्हे, दुरुस्ती होय. गाडी पुन्हा पूर्वीसारखी ओढू लागली, आणि उरलेल्या पैशांत पंपही दुरुस्त झाला.

पालकांस आमची एवढीच विनंती की, मुलाने असा हट्ट धरल्यास केवळ 'नाही' म्हणून त्यास परत पाठवू नये. कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसावे. आणि विद्यार्थ्यांनी नवे घेण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावे: जुने बिघडले आहे की अपुरे आहे? वाढलेली शक्ती आपल्या रस्त्यावर वापरता येईल काय? आणि याच पैशाची घरात कोण वाट पाहत आहे? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र वर्ग आणि घन यांच्या हिशेबात सापडत नाही. ते ज्याचे त्यानेच द्यावयाचे असते.