नाचीच्या माथ्यावरचा दोर

नाचीचा धबधबा 133 मीटर उंच आहे. त्याच्या अगदी माथ्यावर, जिथे पाणी कडा सोडतं तिथे, या काठापासून त्या काठापर्यंत एक दोर ताणून बांधलेला असतो. खालून पाहणाऱ्याला तो आधी दिसतच नाही. नजर पाण्याबरोबर खाली येते, पायथ्याच्या खडकांत अडकते, मग पुन्हा वर जाते. तेव्हा कुठे आकाशाला लागून एक बारीक आडवी रेघ आणि तिच्यावर हलणारं काहीतरी पांढरं लक्षात येतं. हा दोर वर्षातून दोनदा बदलतात, 9 जुलैला आणि 27 डिसेंबरला. जुलैतला बदल पाहायला मी गेले होते.

जपानच्या मुख्य बेटाच्या दक्षिणेला की नावाचं डोंगराळ द्वीपकल्प समुद्रात घुसलेलं आहे. त्याच्या टोकाजवळ, वाकायामा प्रांतात, कात्सुउरा हे ट्यूना माशांचं बंदर. स्टेशनबाहेरून बस सुटते ती आधी घरांमधून, मग नाची नदीच्या कडेने चढत जाते आणि अर्ध्या तासात मासळीबाजाराचं गाव मागे पडून सुरूसारख्या उंच, सरळसोट सुगी वृक्षांची गर्दी सुरू होते. जुलै म्हणजे तिथल्या पावसाळ्याचा शेवटचा टप्पा. हवा आपल्या कोकणातल्यासारखी चिकट, दगड हिरवे, आणि डोंगरावर ढग इतके खाली की धबधब्याचा माथा दिसेल की नाही याचीच धास्ती.

दगडी पायऱ्या उतरून खाली गेलं की एक तोरी, म्हणजे देवस्थानाची कमान, आणि तिच्यापलीकडे थेट धबधबा. हे हिरो देवस्थान. इथे गाभारा नाही, मूर्ती नाही. देव तो धबधबाच, त्यामुळे त्याच्यावर छप्पर घालायचा प्रश्नच आला नाही. तोक्योच्या नेझू संग्रहालयात याच धबधब्याचं कामाकुरा काळातलं एक उभं चित्र आहे, राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर झालेलं. त्यातही चित्रकाराने पाण्यालाच दैवताची जागा दिली आहे. लोक तोरीसमोर उभे राहतात, दोनदा वाकतात, दोनदा टाळी वाजवतात, पुन्हा एकदा वाकतात. थोडे पैसे भरून आणखी वर, कुंडाजवळच्या सज्जावर जाता येतं. तिथे तुषार तोंडावर येतात आणि आवाज छातीत जाणवतो.

शिमेनावा हे या दोराचं नाव. जिथून पुढे देवाची हद्द सुरू होते तिथे तो बांधतात. झाडाला, खडकाला, घराच्या दारालाही. माथ्यावरचा दोर हाताला लागणं शक्य नसल्याने मी वाटेवरच्या एका झाडाचा शिमेनावा जवळून पाहून घेतला. भाताच्या पेंढ्याचा, मनगटाएवढा जाड. चांगल्या शिमेनावासाठी भात दाणा भरण्याआधी हिरवंच कापतात, सावलीत वाळवतात, मोगरीने ठोकून मऊ करतात आणि मग वळतात. शेतकामाचं चऱ्हाट उजव्या पिळाचं, देवाचा दोर बहुतेक ठिकाणी डाव्या पिळाचा. पेंढ्याची टोकं कातरलेली असली तरी चार-दोन काड्या निसटतातच. त्या बोटाला टोचल्या. पिळांच्या मध्ये नागमोडी घडीचे पांढरे कागद खोचलेले होते आणि पावसाने त्यांच्या कडा मऊ पडल्या होत्या. उघड्यावर राहणारा पेंढा शेवटी कुजणारच. माथ्यावरचा दोर तर रात्रंदिवस तुषारांत असतो, वादळं झेलतो. तो बदलावाच लागतो.

सकाळी पायथ्याशी प्रार्थना झाली. पांढरे झगे, डोक्यावर काळ्या उभट टोप्या घातलेले पुजारी धबधब्यासमोर वाकले आणि बाजूच्या जंगलातून वर निघाले. ती वाट इतरांसाठी बंद आहे. आम्ही खालीच थांबलो. बराच वेळ काहीच घडलं नाही. पाणी पडत होतं, ढग येत-जात होते. मग कड्यावर एक पांढरा ठिपका हलला, त्याच्या मागोमाग आणखी. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या, गावातल्याच वाटणाऱ्या एका आजींनी न मागता आपली दुर्बीण माझ्या हातात दिली.

दुर्बिणीतून पाहिल्यावर कामाचं स्वरूप कळलं. कड्याच्या ओठावर खडकाला खाचा आहेत, तिथून पाणी तीन धारांनी सुटतं आणि खाली येता येता एक होतं. माणसं त्या धारांच्या अगदी लगत उभी. कमरेला सुरक्षेचा दोर, पायाखाली ओला खडक, पुढे 133 मीटरची पोकळी. कोणी घाई करत नव्हतं. एक जण हात वर करी, पलीकडचा थांबे; आवाज ऐकू येणं तिथे शक्यच नसावं, सगळं खुणांवर चाललेलं. करडा पडलेला जुना दोर सुटून बाजूला गेला. नवा पलीकडे पोचला तेव्हा मधे चांगलाच झोल होता. तो हळूहळू ओढत आणला गेला, पुन्हा थोडा सैल केला, पुन्हा ओढला. पार ताठ करत नाहीत, थोडा झोल ठेवतात. सुमारे 25 मीटर लांबीचा दोर खालून सुतळीएवढा दिसतो, आणि तरीही तो नीट बसला की नाही हे खालच्या माणसांना कळत होतं: आजींनी समाधानाने मान हलवली तेव्हा वरचे पुजारीही मागे सरले होते.

हा दोर पाण्याला अडवत नाही, कड्याला बांधून ठेवत नाही. पण तो जिथे आहे तिथून मागे सगळं डोंगराचं रान सुरू होतं, आणि त्या रानात कुणी पाऊल टाकायचं नाही हे तो सांगतो. मला या धबधब्यात सर्वांत मोलाचं वाटलं ते हे. 133 मीटरचा कडा भूगर्भाने दिला: सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी इथल्या मऊ गाळाच्या खडकांत शिलारस घुसून थिजला, खालचा मऊ भाग झिजला आणि वरचा कठीण कडा उभा राहिला. कड्यावरून बारमाही पाणी मात्र वरच्या जंगलामुळे आहे. नाचीचं मूळ जंगल 1928 पासून राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून संरक्षित आहे, पण त्याला कायद्याच्या आधी कितीतरी शतकं देवाने राखलं.

हे शब्दांत मांडणारा माणूस याच डोंगरात राहून गेला. मिनाकाता कुमागुसु हा वाकायामाचा निसर्गअभ्यासक. लंडनची वर्षं संपवून परतल्यावर 1901 ते 1904 या काळात तो नाचीच्या रानात बुरशी, शेवाळं आणि श्लेष्मबुरशी गोळा करत फिरला. 1906 मध्ये सरकारने फर्मान काढलं की लहान देवस्थानं मोठ्यांत विलीन करावीत. वाकायामा आणि शेजारच्या मिए प्रांतात त्याची अंमलबजावणी जोरात झाली. देवस्थान उठलं की त्याचं रान तोडायला मोकळं. कुमागुसुने पत्रं लिहिली, लेख लिहिले, अधिकाऱ्यांशी भांडला, 1910 मध्ये तुरुंगातही गेला. त्याचं म्हणणं थेट होतं: राई गेली की झाडं, पक्षी, पाणी, आणि त्याबरोबर गावाची नातीही जातात. 1920 मध्ये संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने हे धोरण थांबवण्याचा ठराव केला. तोवर बरंच तुटलं होतं, पण काही राया वाचल्या. सह्याद्रीतल्या देवराया पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच नवं वाटणार नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात आपल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा जे समोर आलं, ते कुमागुसुच्या म्हणण्याशी अगदी जुळणारं होतं.

अर्थात जंगल सर्व काही थोपवू शकत नाही. सप्टेंबर 2011 मध्ये तालास हे वादळ या द्वीपकल्पावर रेंगाळलं. नारा प्रांतातल्या कामिकितायामात त्या एका पावसात 1800 मिलिमीटरहून जास्त नोंद झाली. नाची नदीला पूर आला, दरडी कोसळल्या, खोऱ्यातली माणसं गेली. बसमधून दिसणारे नदीकाठचे काँक्रीटचे रुंद बांध त्यानंतरचे आहेत. दुसऱ्याच वर्षी, 2012च्या जुलैत, काही गिर्यारोहक धबधबा चढताना पकडले गेले. त्यांच्या दृष्टीने तो एक न चढलेला कडा होता. त्यांना अटक झाली, आणि मला ते योग्य वाटतं. ज्या कड्यावर पुजारीसुद्धा वर्षातून मोजक्या वेळा, हात जोडून जातात, तो कडा कुणाच्या पराक्रमासाठी नाही.

धबधब्याच्या पायथ्यापासून वर चढलं की, नाचीच्या मुख्य देवस्थानाच्या शेजारी, सेइगान्तोजी हे बौद्ध मंदिर आहे. कान्नोनच्या तेहतीस स्थानांच्या यात्रेतलं पहिलं. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, ज्याची अकरा मुखांची मूर्ती आपल्या कान्हेरीच्या 41 क्रमांकाच्या लेण्यात आहे. मंदिराच्या कथेनुसार स्थापना करणारा राग्यो हा भिक्षू भारतातून समुद्रमार्गे वाहत आला आणि धबधब्याच्या कुंडात त्याला कान्नोनची मूर्ती मिळाली. इतिहास म्हणून याला आधार नाही, पण या किनाऱ्याचं लक्ष भारताकडे होतं हे नक्की. खाली नाचीच्या समुद्रकाठच्या फुदाराकुसान मंदिरातून 868 पासून 1722 पर्यंत अधूनमधून भिक्षू बंद होड्यांत बसून दक्षिणेला निघत, अवलोकितेश्वराच्या पोतलक पर्वताच्या शोधात. चिनी यात्रेकरू शुआनझांगने तो पर्वत दक्षिण भारतात असल्याचं लिहून ठेवलं आहे. परत कोणी येत नसे, तशी अपेक्षाही नव्हती.

जुलैतला दोर बदलतात तो 14 जुलैच्या उत्सवासाठी. त्या दिवशी बारा देवांचे बारा उंच मखर, पंखे जडवलेले, देवस्थानातून धबधब्याकडे आणतात. देव आपल्या मूळ घरी परततात अशी भावना. वाट शुद्ध करायला पन्नास किलोहून जड अशा बारा मशाली पायऱ्यांवरून फिरवल्या जातात, पांढऱ्या वेषातली गावची माणसं त्या खांद्यावर घेतात. त्याआधी आवारात भातलावणीच्या नाचाचा विधी होतो, ज्याची नोंद 2012 मध्ये युनेस्कोने घेतली. मी वर चढले तेव्हा नाचाच्या मांडवाचं काम चालू होतं. दोन जण खांब उभे करत होते, तिसरा दुरून पाहून तो ओळंब्यात आहे की नाही ते सांगत होता, आणि त्यांनी एकच खांब पुन्हा पुन्हा काढून बसवला.