गेम डेला कुठला रोलप्लेइंग गेम लावायचा?

व्हिडिओत आपण गेम डेची जागा आणि फी ठरवली. आता प्रश्न, टेबलावर लावायचं काय? रोलप्लेइंग गेममध्ये प्रत्येक जण एक पात्र होतो, गेम मास्टर प्रसंग सांगतो आणि पात्राचं काम जमलं की फसलं ते फासे ठरवतात.

आधी माझी चूक सांगतो. कोथरूडमधल्या पहिल्या गेम डेला मी माझा लाडका 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' लावला. १९७४ पासूनचा, जगभर गाजलेला गेम. पण सहापैकी पाच जण नवखे! पात्रं तयार करण्यातच दीड तास गेला. दोघं चहाला म्हणून उठले, ते परत आलेच नाहीत. गेम चांगलाच होता, पण मी गिऱ्हाइकाचं न बघता माझी आवड विकत होतो.

आता मी तीन प्रश्न विचारतो.

१. नवखा माणूस किती वेळात खेळायला लागतो?
ग्रँट हॉविटचा 'हनी हाइस्ट' एका पानात मावतो. खेळाडू म्हणजे मध चोरायला निघालेली अस्वलं. लक्षात ठेवायचे आकडे दोनच: अस्वलपणा आणि चोरपणा. जॉन हार्परचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा अंतराळयानातला गेमही एकाच पानाचा. दोन्हीला लुडोतले साधे फासे चालतात. 'डंजन्स'ला मात्र चार ते वीस बाजूंच्या फाशांचा संच लागतो.

२. गेम मास्टर आला नाही तर?
तीन ते पाच जणांचा 'फियास्को' गेम मास्टरशिवाय चालतो. पण त्यातल्या गोष्टी गुन्हेगारीच्या वळणाच्या, म्हणून मुलांच्या टेबलावर नको.

३. खुर्ची किती वेळा भरते?
समजा पाच खुर्च्या, माणशी २०० रुपये. चार तासांचा एक गेम म्हणजे १,००० रुपये. दीड तासाच्या दोन बॅच भरल्या तर २,०००. त्यातून गेम मास्टरचं मानधन वजा करा आणि मगच ठरवा.

मग 'डंजन्स' सोडायचा का? अजिबात नाही. त्याची एकच गोष्ट महिनोन्‌महिने चालते, त्यामुळे तीच माणसं दर रविवारी येतात. छोटा गेम गिऱ्हाईक आणतो, मोठा गेम ते टिकवतो. फक्त पात्रं आधीच तयार करून ठेवा.

एक सावधगिरी. 'डंजन्स'चे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यावर खुले आहेत. श्रेय देऊन ते धंद्यातही वापरता येतात. पण कंपनीचा लोगो त्यात येत नाही, तो पोस्टरवर छापू नका.

आजचं काम: कधीच न खेळलेल्या चार जणांना बोलवा, एका पानाचा गेम लावा आणि घड्याळ बघा. पंधरा मिनिटांत पहिला फासा पडला नाही, तर गेम बदला.