संगणकाचा वेग वाढविण्यापूर्वी त्याचा ताप मोजावा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागांतील विद्यार्थी आमच्या अभ्यासिकेत येतात. तेथे सर्वांच्या वर्गणीतून घेतलेला एकच जुना संगणक आहे. तो संथ चालतो म्हणून प्रोसेसरचा वेग वाढवावा, ज्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, असा आग्रह मुलांनी धरला. उत्साह चांगला, परंतु यंत्र बिघडले तर दुसरे लगेच येणार नाही, म्हणून आम्ही आधी तापमान मोजावयाचे ठरविले. त्या निमित्ताने कळलेले येथे मांडीत आहोत.

हा छंद नवा नाही. 1998 साली इंटेलचा सेलेरॉन 300ए प्रोसेसर आला. त्याचा गुणक 4.5 आणि बसचा वेग 66 मेगाहर्ट्झ होता. बस 100 वर नेली की तोच प्रोसेसर 450 मेगाहर्ट्झवर धावे! आज मात्र प्रत्येक प्रोसेसर असे करू देत नाही. इंटेलमध्ये सर्वसाधारणपणे नावाच्या शेवटी 'के' हे अक्षर असावे लागते आणि मदरबोर्डही त्या जातीचा असावा लागतो. कार्यालयांतून निघालेल्या जुन्या संगणकांत बहुधा ही सोय नसते. आमच्या यंत्रात 2012 सालचा कोअर आय5-3570के निघाला, म्हणून पुढचा खटाटोप.

प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमध्ये तापमान मोजणारा संवेदक असतो. कोअर टेम्प किंवा एचडब्ल्यूइन्फो यांसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये त्याचा आकडा दिसतो. हा संवेदक मुळात कमाल मर्यादेपासून आपण किती अंश खाली आहोत हे सांगतो. त्यामुळे मर्यादेजवळ तो विश्वासार्ह असतो. यंत्र रिकामे असतानाचा आकडा दोन-चार अंशांनी चुकला तरी मनावर घेऊ नये. आमच्या प्रोसेसरची मर्यादा 105 अंश सेल्सिअस आहे. ती गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे वेग वाढवायला गेलेला माणूस वेग गमावून बसतो, आणि पडद्यावर त्याला काही कळतही नाही.

प्राइम 95 या प्रोग्रॅमने पूर्ण भार टाकून अर्धा तास थांबावे आणि सर्वांत तापलेल्या कोअरचा कमाल आकडा लिहावा. शेजारी खोलीचे तापमान लिहिणे विसरू नये. आमच्या मते या साऱ्या खटाटोपात हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होऊच शकत नाही. खोली जितकी तापेल साधारण तितकाच तोही वर सरकतो. जानेवारीत खोली 22 अंश असताना आमचा कमाल आकडा 67 आला. म्हणजे खोलीपेक्षा 45 अंश अधिक. मुले खूश झाली. पण बदलापूरचा पारा एप्रिल-मेमध्ये 40 च्या पुढे जातो, हे आपणांस सांगावयास नको. मेच्या एका दुपारी खोली 39 अंश होती आणि आकडा 84 आला. फरक तोच, 45!

आता वेग वाढविला तर काय होईल? उष्णता वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही 10 टक्के वाढविले तर 1.1 ला तीनदा गुणून 1.33, म्हणजे उष्णता सुमारे एक तृतीयांश अधिक. 45 चे 60 होतात. मेमध्ये 39 अधिक 60, म्हणजे 99. मर्यादा अवघी सहा अंशांवर! शिवाय वीज गेल्यावर संगणक यूपीएसवर चालू राहतो आणि छताचा पंखा बंद पडतो, तो हिशोब वेगळाच.

मग आम्ही यंत्र उघडले. हीटसिंकच्या पात्यांत धुळीचा जाडसर थर बसला होता आणि थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ब्रशने धूळ काढली. नवी पेस्ट वाटाण्याएवढी लावली. (अधिक लावणे म्हणजे अधिक थंडावा, असे काही मुलांना वाटत होते. तसे नाही; पेस्टचे काम फक्त फटी भरण्याचे.) त्याच खोलीत पुन्हा मोजले तर आकडा 84 वरून 75 वर आला. फरक 36 उरला. वाढीव वेगाचा हिशोब 48, म्हणजे मेमध्ये 87.

आता वेग वाढविता येईल. परंतु भाराच्या नोंदी घेताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मुलांच्या रोजच्या कामात प्रोसेसर बराच वेळ रिकामाच बसलेला असे आणि हार्डडिस्कचा दिवा मात्र सतत पेटलेला. संथपणा बव्हंशी तिचा होता. म्हणून जमलेल्या वर्गणीतून आधी एसएसडी घेतली. ती बसविल्यापासून ओव्हरक्लॉकिंगचा आग्रह बराच ओसरला आहे. तरी तापमानाची वही चालू आहे. मेमधील दुपारच्या नोंदी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली मुले घेतात.