धनादेशाची वाट कोण राखणार?

परगावी राहणाऱ्या महाजनाने कुलदेवतेच्या अभिषेकासाठी पाठवलेली देणगी असो, मुलाने मुंबईहून गावच्या वडिलांना धाडलेला घरखर्च असो, की घरभाडेकरूने मालकाला दिलेले भाडे असो, टपालाने धनादेश पाठवण्याची चाल आपल्याकडे अद्याप मोडलेली नाही. कोऱ्या धनादेशांची नवी पुस्तकेही बँका टपालानेच घरपोच करतात. ज्या घरांची दारे वर्षातून चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढी उघडतात, त्यांच्या ओसरीवर पडलेले असे पाकीट कोणाच्या हाती लागेल, याची शाश्वती कोणी द्यावी?

पाकीट चोरीस गेले की बँक टपालाकडे बोट दाखवते, टपाल खाते ग्राहकाकडे, आणि ग्राहक आपल्या दैवाकडे. या प्रसंगी कायदा काय म्हणतो हे ठाऊक असणे म्हणूनच अगत्याचे आहे. औंध संस्थानातील ओगले काच कारखान्याच्या प्राप्तिकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली असा निर्वाळा दिला की, धनादेश टपालाने पाठवा असे घेणेकऱ्यानेच सांगितले असेल, तर टपाल खाते हे त्याचे प्रतिनिधी ठरते. म्हणजे वाटेतील जोखीम घेणेकऱ्याच्या माथी येते. ‘पोस्टाने पाठवून द्या’ हे तीन शब्द आपण किती सहज लिहून जातो!

धनादेशावरील सही खोटी असेल तर कायदा ग्राहकाच्या बाजूने ठामपणे उभा राहतो. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात ४२ धनादेशांवरील सह्या बनावट होत्या. खोटी सही म्हणजे ग्राहकाचा आदेशच नव्हे, आणि त्याने खातेपुस्तक वेळीच तपासले नाही एवढ्या कारणाने बँकेची सुटका होत नाही, असे न्यायालयाने १९८७ साली स्पष्ट केले. परंतु सही खरी ठेवून नाव वा रक्कम तेवढी बदलली असेल, तर गोष्ट निराळी. तो बदल वरकरणी दिसत नसेल, तर रीतसर पैसे देणाऱ्या बँकेला १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे ८९ वे कलम संरक्षण देते. प्रामाणिक सही करणारा ग्राहक येथे उघडा पडतो.

आमच्या मते खरा प्रश्न याही पुढचा आहे. चोरलेला रेखांकित धनादेश हा चोराच्या हाती निव्वळ कागद असतो. त्याचे पैसे व्हायचे तर कोणत्यातरी बँकेत खाते लागते, आणि ते बहुधा खोट्या नावाने वा भाड्याच्या माणसाच्या नावाने उघडलेले असते. आजच्या समाशोधन पद्धतीत धनादेशाचा कागद ग्राहकाच्या बँकेपर्यंत जातच नाही. जाते ती त्याची प्रतिमा. खाडाखोड झालेला मूळ कागद पाहणारी बँक एकच, चोराची! म्हणूनच २००२ सालच्या दुरुस्तीने वरवर दिसणारी लबाडी तपासण्याचे कर्तव्य धनादेश वसूल करणाऱ्या बँकेवर टाकले आहे. कलम १३१ चे संरक्षण सद्हेतूने आणि निष्काळजीपणा न करता वागणाऱ्या बँकेलाच मिळते. खाते उघडताना डोळे मिटणाऱ्या बँकेने ‘आम्हांसही फसवले’ असा टाहो फोडू नये.

४ ऑक्टोबर २०२५ पासून धनादेश त्याच दिवशी वटू लागले. ही सोय स्वागतार्ह आहे, तथापि चोरी ध्यानात येईपर्यंत पूर्वी मिळणारी सवडही तिने हिरावून घेतली आहे. १ जानेवारी २०२१ पासून लिहिलेल्या धनादेशाचा तपशील बँकेला आगाऊ कळवण्याची ‘पॉझिटिव्ह पे’ व्यवस्था आली. पण रिझर्व्ह बँकेने ती ५०,००० रुपये व त्यावरील रकमांसाठी घालून दिली आणि तिचा लाभ घेणे ग्राहकाच्या मर्जीवर सोडले. निवृत्त शिक्षकाचे पाच-दहा हजार या कुंपणाबाहेरच राहिले. हे कुंपण लहान रकमांपर्यंत वाढवावे, शाखेतील खिडकीवर तोंडी व लेखीही हा तपशील स्वीकारावा, आणि नवे धनादेशपुस्तक ग्राहकाने पोच दिल्याखेरीज चालू करू नये, अशी आमची मागणी आहे.

ग्राहकानेही आपला वाटा उचलावा. धनादेशावर ‘खात्यातच जमा’ अशा दोन रेघा माराव्यात, मोकळी जागा ठेवू नये, पुस्तक शक्यतो शाखेतून स्वहस्ते घ्यावे, आणि पाकीट पोचले नाही असे दिसताच पैसे न देण्याची लेखी सूचना देऊन तिची पोच जपून ठेवावी. तक्रारीला बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचे दार मोकळे आहे.

ओसरीवरचे पाकीट उचलणारा भुरटा चोर पोलिसांनी पकडावा हे खरेच. पण त्या पाकिटाचे पैसे करून देणारे दार बँकेचे आहे, आणि ते राखण्याचे काम बँकेलाच करावे लागेल.