वारसा नसलेला उमेदवार : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात पुरोगामी नेतृत्वाच्या पाठबळाचा विचार

प्रस्तावना

दिनांक ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळ येथे ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन राजूर येथील श्रीमती वैशाली येडे यांच्या हस्ते झाले. ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आल्यामुळे जे वादळ उठले, त्यातून ही निवड पुढे आली होती. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, ११ एप्रिल २०१९ रोजी, यवतमाळ-वाशीम लोकसभा मतदारसंघाच्या मतदानयंत्रावर प्रहार जनशक्ती पक्षाच्या उमेदवार म्हणून त्यांचे नाव होते. शेतकरी पतीच्या आत्महत्येनंतर घर सावरणारी, अंगणवाडीत काम करणारी, 'तेरवं' या नाटकातून स्वतःसारख्या स्त्रियांचे दुःख रंगमंचावर मांडणारी ही स्त्री लोकसभेला उभी राहते, याचे कौतुक सर्वदूर झाले. प्रचारासाठी लोकवर्गणीचे आवाहनही झाले. प्रत्यक्षात त्यांना वीस हजारांच्या आसपास मते मिळाली. विजयी उमेदवारास पाच लाखांहून अधिक मते होती.

या निकालाकडे दोन प्रकारे पाहिले गेले. काहींनी 'लोकांना चांगला उमेदवार नकोच असतो' असा निष्कर्ष काढला, तर काहींनी ही उमेदवारी केवळ प्रतीकात्मक होती असे म्हटले. प्रस्तुत लेखकाला ही दोन्ही विधाने घाईची वाटतात. मतदारांनी नाकारले की नाही हा प्रश्न नंतरचा आहे. त्या उमेदवारीला उभे राहण्यासाठी जे लागते ते मिळाले होते काय, हा प्रश्न आधीचा आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

'पुरोगामी' म्हणजे कोण ?

'पुरोगामी महाराष्ट्र' हा शब्दप्रयोग आपल्याकडे भाषणाच्या आरंभी इतक्या वेळा येतो की तो आता कानाला जाणवतही नाही. फुले, शाहू, आंबेडकर यांची नावे घेतली की काम झाले, असा समज सर्वच पक्षांत आहे. त्यामुळे येथे या शब्दाचा मर्यादित अर्थ घेतला आहे. सत्तेच्या वर्तुळाबाहेर राहिलेल्या समूहांचा निर्णयप्रक्रियेतील वाटा वाढावा अशी ज्याची भूमिका आहे, आणि बहुधा जो स्वतःही त्या वर्तुळाबाहेरून येतो, तो पुरोगामी उमेदवार होय. यवतमाळ जिल्ह्यात याचा अर्थ कोलाम पोडावरील तरुण, भूमिहीन मजुराची पदवीधर मुलगी, शेतकऱ्याची विधवा असा ठोस होतो.

अशा उमेदवाराजवळ काय असते, हेही लक्षात घेतले पाहिजे. शेतकरी आत्महत्येनंतर मिळणारी एक लाख रुपयांची मदत प्रकरण 'पात्र' ठरले तरच मिळते. नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा हे सारे कागदावर सिद्ध व्हावे लागते. सातबारा कोणाच्या नावे आणि कर्ज कोणाकडचे यावर एका कुटुंबाचे नशीब ठरते. हे ज्ञान धोरण वाचून येत नाही. तहसील कचेरीच्या पायऱ्या चढून येते. असे प्रतिनिधित्व सभागृहात जाणे हा उपकाराचा विषय नाही. त्यावाचून सभागृहाचीच माहिती अपुरी राहते.

वारसा नेमके काय देतो ?

घराणेशाहीवर टीका करणे सोपे आहे. घराणे उमेदवाराला काय पुरवते याची मोजदाद मात्र आपण क्वचितच करतो. पुसदच्या नाईक कुटुंबाचे उदाहरण या जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. वसंतराव नाईक आणि पुढे सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री या कुटुंबाने राज्याला दिले आणि त्यानंतरची पिढीही विधानसभेत पोहोचली. परंतु वसंतराव स्वतः वारसदार नव्हते. बंजारा समाजातून आलेला, वकिली शिकलेला हा तरुण प्रथम पुसदचा नगराध्यक्ष झाला, १९५२ मध्ये आमदार झाला आणि १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाला. म्हणजे पहिल्या पिढीला शिडीची प्रत्येक पायरी चढावी लागली. पुढील पिढ्यांना शिडी घरातच मिळाली. पंचायत राज्याची रचना ठरविणाऱ्या ज्या समितीच्या शिफारशींवर १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, ती समितीही वसंतराव नाईकांच्याच अध्यक्षतेखालील होती. पहिल्या पिढीच्या नेतृत्वासाठी सार्वजनिक शिडी उभारणाऱ्यांत ते स्वतः होते, हे येथे विशेष नोंदविण्यासारखे आहे.

२०१९ मध्ये यवतमाळ-वाशीममधून विजयी झालेल्या श्रीमती भावना गवळी यांची ती सलग पाचवी लोकसभा होती. १९९९ मध्ये त्या प्रथम निवडून आल्या तेव्हा त्या विशीतच होत्या. त्यांचे वडील पुंडलिकराव गवळी त्यापूर्वी वाशीमचे खासदार होते. म्हणजे तरुण आणि स्त्री असणे हा आपल्या मतदारांना मुळीच अडसर नव्हता. फरक पडतो तो अन्यत्र. राजकीय घरातील मुलाला मतदारयादी कशी वाचावी हे शिकवावे लागत नाही. बूथवर कोण बसेल, अर्जाची छाननी कोण सांभाळेल, हिशेब कोण लिहील, ही माणसे पिढीजात ओळखीची असतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पराभव झाला तर पुढची पाच वर्षे घर चालते. वारसा नसलेल्या उमेदवाराला पाठबळ द्यायचे म्हणजे घराणे जे न बोलता पुरवते ते संघटनेने किंवा समाजाने जाणीवपूर्वक पुरवणे होय. हार, सत्कार आणि अग्रलेख त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

मेटीखेड्याचा दाखला

हे घडू शकते याचा पुरावा शोधण्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचे अधिवेशन नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे भरले. त्याच सुमारास स्त्रियांनी स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका लढवाव्यात हा विचार संघटनेत पक्का झाला. परंतु १९७९ नंतर जिल्हा परिषदांच्या निवडणुका सतत पुढे ढकलल्या जात होत्या. त्या झाल्या थेट १९९२ मध्ये. मग संघटनेने ग्रामपंचायतींकडे मोर्चा वळविला. १९८९ च्या सुमारास जळगाव जिल्ह्यातील विटनेर, वर्धा जिल्ह्यातील येनोरा आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यातील मेटीखेडा या गावांत संपूर्ण महिलांचे पॅनेल निवडून आले. तेव्हा त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती झालेली नव्हती. ती अमलात आली २४ एप्रिल १९९३ रोजी. आरक्षणाच्या सक्तीविना हे घडले.

या प्रयोगांवर पुण्याच्या 'आलोचना' या संस्थेने केलेला अभ्यास १९९८ मध्ये इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. 'आणि पोळ्या कोण करणार?' अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. (हा प्रश्न आजही आपल्या प्राध्यापक-कक्षात वेगळ्या शब्दांत ऐकू येतो, हे कबूल केले पाहिजे.) मेटीखेडा आणि २०१९ ची उमेदवारी यांची तुलना केली तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. मेटीखेड्याच्या स्त्रिया निवडणुकीआधी काही वर्षे मेळावे, शिबिरे, आंदोलने यांत होत्या. निवडणूक हा त्या कामाचा पुढचा टप्पा होता. लोकसभेच्या उमेदवारीत हा क्रम उलटा झाला. अर्ज मागे घेण्याची मुदत २८ मार्चला संपली आणि मतदान ११ एप्रिलला झाले. हाती चौदा दिवस होते आणि मतदारसंघ वाशीम-कारंज्यापासून राळेगावपर्यंत पसरलेला. भरीस भर म्हणजे यवतमाळ जिल्हा स्वतःच तीन लोकसभा मतदारसंघांत विभागला गेला आहे : वणी व आर्णी चंद्रपूरकडे, उमरखेड हिंगोलीकडे. जिल्ह्यात नाव झाले तरी ते सारे मतपेटीत उतरत नाही. अनामत रक्कम वाचण्यासाठी वैध मतांचा एक षष्ठांश भाग लागतो. या मतदारसंघात तो दोन लाखांच्या घरात होता. तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही तो गाठता आला नाही.

कागदांचे कुंपण

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करावी, हा सल्ला म्हणून योग्य आहे. पण तेथील दारही वाटते तितके उघडे नाही. राज्यात २०११ पासून स्थानिक संस्थांत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे. पात्रतेच्या अटी मात्र गरिबावरच अधिक कठोरपणे आदळतात. १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये झालेली व्यक्ती अपात्र ठरते. यात ज्या स्त्रीला अपत्यसंख्या ठरविण्याचा अधिकार घरात नव्हता, तिचीच उमेदवारी जाते. राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि ते विहित मुदतीत सादर न झाल्यास निवडून आलेले पदही रद्द होते. भटक्या कुटुंबाने पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पुरावा कोठून आणावा ?

शासकीय जमिनीवरील अतिक्रमणाची अट याहून जाचक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ मधील एका निकालानंतर कुटुंबातील अन्य व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणाचा लाभ घेत तेथे राहणारा सदस्यही अपात्र ठरू शकतो. सार्वजनिक जमिनीवर कब्जा करणाऱ्या बड्या असामीला रोखणे हा हेतू रास्तच आहे. परंतु गायरानावर दोन पिढ्या राहिलेल्या पारधी बेड्याला दुसरी जमीनच नाही, हे त्या तरतुदीला दिसत नाही. विरोधकाला निवडणूक जिंकण्याची गरज उरत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे एक अर्ज पुरेसा होतो.

लोकसभा-विधानसभेच्या स्तरावर हेच वेगळ्या रूपात दिसते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक चालतो; अपक्ष अथवा अमान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास दहा लागतात आणि ते त्याच मतदारसंघातील मतदार असावे लागतात. नमुना २६ मधील शपथपत्रात रकाना कोरा सोडता येत नाही. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब दिला नाही तर पुढे अपात्रता ओढवू शकते. हरलेला, थकलेला, एकटा उमेदवार येथेच अडकतो.

पैशाची वेळ

२०१९ मध्ये लोकसभेसाठी खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात ७० लाख रुपये होती. २०२२ मध्ये ती ९५ लाख झाली. वर्गणीतून प्रचार करणाऱ्या उमेदवारासाठी ही मर्यादा नव्हे, स्वप्न आहे. शिवाय प्राप्तिकर कायद्यात राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर वजावट मिळत आली, अपक्ष उमेदवाराला दिलेल्या मदतीवर नाही. कायदा पक्षाला ओळखतो, माणसाला नाही.

रकमेइतकीच महत्त्वाची असते ती वेळ. अमेरिकेत १९८५ मध्ये स्थापन झालेल्या 'एमिलीज लिस्ट' या संस्थेने डेमोक्रॅटिक पक्षातील, गर्भपाताच्या अधिकाराचा पुरस्कार करणाऱ्या स्त्री उमेदवारांना अगदी आरंभीच निधी मिळवून देण्याचे सूत्र स्वीकारले. संस्थेचे नावच आरंभीच्या पैशाला खमिराची उपमा देणाऱ्या एका वाक्यातील आद्याक्षरांवरून पडले आहे. पीठ आंबायला रात्र जावी लागते, हे आपल्याकडे कोणत्याही स्वयंपाकघरात ठाऊक आहे. आपली वर्गणी मात्र उमेदवारी जाहीर झाल्यावर सुरू होते आणि मतदान संपताच थांबते.

महाविद्यालयाचा संबंध

अनुदानित महाविद्यालयाने कोणाचा प्रचार करू नये, याविषयी दुमत नाही. परंतु कार्यपद्धतीचे ज्ञान सर्वांना खुले केले की त्याचा सर्वाधिक उपयोग ज्याला ते घरी मिळत नाही त्यालाच होतो. वारसदाराला त्याची गरजच नसते. ग्रामपंचायतीसाठी किमान वय २१ वर्षे आहे. म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडणारा आपला विद्यार्थी कायद्याने उमेदवार होऊ शकतो. तो शिकलेला असतो राज्यघटनेची वैशिष्ट्ये. नामनिर्देशनपत्र त्याने पाहिलेले नसते. आपलीही स्थिती फार वेगळी नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी मतदान केंद्राध्यक्ष म्हणून सतरा-क नमुना भरला आहे, पण छाननीच्या टेबलापलीकडे उमेदवार कसा उभा असतो हे किती जणांनी अनुभवले आहे ?

विद्यार्थ्यांना निवडणुकीचा सराव देणारी जागा म्हणजे विद्यार्थी परिषद. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर तेथे गुणानुक्रमाने नियुक्ती होऊ लागली. २०१६ च्या कायद्याने खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आली, २०१९ मध्ये वेळापत्रकही निघाले, आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या. जिल्हा परिषदेचे तेच झाले. २०१७ मध्ये निवडलेल्या यवतमाळ जिल्हा परिषदेची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. लांबलेल्या स्थानिक निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये द्यावा लागला. १९७९ ते १९९२ या काळातील खंडाची येथे आठवण होते. वारसदाराचे अशा खंडात फारसे बिघडत नाही. नवख्याची मात्र उमेदीची वर्षे जातात.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका शिबिरात एका ग्रामपंचायत सदस्य ताईंनी प्रस्तुत लेखकाला विचारले होते, "सर, ठरावाच्या वहीवर माझी सही घेतात, पण वही वाचू देत नाहीत. ती मागायची कशी ?" राज्यशास्त्राचा प्राध्यापक म्हणून उत्तर तोंडपाठ असायला हवे होते, ते नव्हते. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांसह बसून माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार केला. त्यावर दहा रुपयांचा तिकीट लावला, आणि अर्जाची पोच घ्यायला ताईंबरोबर वर्गातील दोन मुली गेल्या. पोच देताना तेथे त्यांना पहिला प्रश्न विचारला गेला, "तुम्ही कोणत्या पार्टीच्या ?" त्यांतील एक मुलगी पुढील वर्षी एकवीस वर्षांची होत होती. परत आल्यावर तिने ग्रामपंचायत अधिनियमाची प्रत ग्रंथालयात आहे का, असे विचारले. ती नव्हती, मागवावी लागली.