मोटारीतील वातानुकूलन यंत्रणेच्या कंडेन्सर पंख्याची चाचणी : बोरघाट परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग २००२ मध्ये पूर्णत्वास गेला. पुण्याकडे जाताना खालापूरचा पथकर नाका मागे पडल्यावर बोरघाटाची चढण लागते व सुट्टीच्या दिवसांत तेथे वाहनांच्या रांगा लागतात. सपाटीवर उत्तम गारवा देणारी मोटार या रांगेत संथ होताच उष्ण हवा फेकू लागते. अशा वेळी ‘गॅस संपला’ असे गृहीत धरून पुन्हा गॅस भरला जातो. वस्तुतः वेगात गारवा व थांबल्यावर उष्णता, हे कंडेन्सर पंख्यातील बिघाडाचे ठळक लक्षण होय. प्रस्तुत लेखात या पंख्याच्या चाचणीचे विवेचन केले आहे.

कार्यतत्त्व :
कॉम्प्रेसरने दाबलेला उष्ण वायू कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमानुसार येथे मोटारीच्या आतील उष्णतेबरोबरच कॉम्प्रेसरने केलेल्या कार्याइतकी उष्णताही बाहेर टाकावी लागते. वेगात असताना समोरचा वारा हे काम करतो. थांबलेल्या मोटारीत ते पंख्यावरच अवलंबून असते. पंखा बंद असल्यास दाब वाढतो व सुरक्षा-स्विच कॉम्प्रेसर थांबवतो. अनेक मोटारींत हाच पंखा रेडिएटरही थंड करतो. त्यामुळे घाटात इंजिन तापण्याचा धोकाही संभवतो.

चाचणीची पद्धती :
इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो. म्हणून हात, ओढणी वा पदर दूर ठेवावा.

१) मोटार मोकळ्या जागी उभी करून एसी पूर्ण क्षमतेने चालवावा व पंख्याचे काही मिनिटे निरीक्षण करावे. काही मोटारींत तो दाब वाढल्यावरच सुरू होतो.
२) पंखा न फिरल्यास प्रथम फ्यूज तपासावा. नंतर त्याच प्रकारचा दुसरा, सुस्थितीतील रिले बसवून पाहावा.
३) एसी चालू ठेवून पंख्याच्या जोडणीच्या दोन टोकांत मल्टिमीटरने दाब मोजावा. सुमारे १२ व्होल्ट वा किंचित अधिक दाब मिळूनही पंखा स्थिर असेल, तर मोटर सदोष समजावी.
४) दाब न मिळाल्यास जोडणी सोडवून, फ्यूज असलेल्या तारेने मोटरला बॅटरीतून थेट वीज द्यावी. पंखा फिरल्यास दोष वायरिंग, अर्थिंग, रिले वा दाब-स्विचमध्ये शोधावा. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असलेल्या पंख्यावर हा प्रयोग करू नये.
५) पंखा फिरत असल्यास हवा समोरून इंजिनाकडे जाते ना, हे पाहावे. जाळीसमोर धरलेला कागद तिच्याकडे ओढला गेला पाहिजे. प्रवाह क्षीण असल्यास मोटरची झीज किंवा कंडेन्सरमध्ये साचलेला चिखल व पाचोळा यांचा विचार करावा.

निष्कर्ष :
उपरोक्त क्रमात प्रत्येक पायरी एकेक शक्यता वगळत जाते. म्हणून अनुमानाने गॅस भरण्याचा वा सुटे भाग बदलण्याचा खर्च टळतो. ऊष्मागतिकी व विद्युतमंडल हे स्वतंत्रपणे शिकविले जाणारे घटक येथे एकत्र येतात. कर्जत-खालापूर परिसरातील विद्यार्थ्यांना घाटातील रांग परिचित आहे. त्यांच्यासाठी ही चाचणी प्रात्यक्षिकाचा उपयुक्त विषय ठरू शकेल.