वारा, चेंडू आणि शिडाची फळी

समजा, मार्च महिन्यातील एका रविवारी सकाळी तुम्ही घरच्या मंडळींबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर गेला आहात. आजी माडाच्या सावलीत चटई टाकून बसली आहे. समुद्र शांत आहे, लाटा अगदी लहान आहेत. इतक्यात धाकट्या भावाच्या हातून रबरी चेंडू निसटतो आणि पाण्यावर जाऊन पडतो. लाटांबरोबर तो परत येईल म्हणून सारे वाट पाहतात. पण चेंडू हळूहळू आतच सरकू लागतो. दादा त्याच्यामागे पोहत जायला निघतो, तोच बाबा त्याचा दंड धरून त्याला मागे ओढतात. "सोड तो चेंडू, दुसरा आणू!"

दुपारी त्याच किनाऱ्यावर एक तरुण शिडाची फळी घेऊन येतो. या खेळाला विंडसर्फिंग म्हणतात. आता वारा समुद्राकडून तोंडावर येत आहे. तरीही तो तरुण वाकडी वळणे घेत त्याच वाऱ्याच्या दिशेने आत जातो आणि तासाभराने हसत परत येतो. सकाळी वाऱ्याने चेंडू नेला. दुपारी वाऱ्याविरुद्ध फळी गेली. असे का झाले बरे?

सकाळचा वारा, दुपारचा वारा

भूगोलाच्या पुस्तकात तुम्ही मतलई वारे आणि खारे वारे यांविषयी वाचले असेल. पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट असते. शिवाय सूर्याची उष्णता पाण्यात खोलवर पसरते, वाळूत मात्र ती वरच्या थरातच राहते. म्हणून दिवसा जमीन लवकर तापते. तिच्यावरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरची थंड हवा जमिनीकडे येते. हा खारा वारा. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा मतलई वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी तो सकाळीही काही वेळ टिकतो. आपला चेंडू त्यानेच नेला.

येथे एक फसवी गोष्ट ध्यानात ठेवा. वाऱ्याला लाटा उठवायला पाण्यावरून बरेच अंतर धावावे लागते. मतलई वारा किनाऱ्यावरून नुकताच निघालेला असतो, त्यामुळे काठाजवळ तो लाटा उठवू शकत नाही. पाणी शांत दिसते आणि आपल्याला वाटते, आता भीती नाही. प्रत्यक्षात वारा बाहेर नेणारा असतो!

वाऱ्याच्या तोंडावर कसे जाता येते?

शिडाच्या फळीचे मुख्य भाग चार: तरंगणारी फळी, तिच्या खाली पाण्यात उभे असलेले पाते, शीड लावलेली डोलकाठी आणि शीड धरण्याचा आडवा दांडा. यांतील पाते सहसा दिसत नाही, पण सारी किमया त्याचीच आहे.

शीड वाऱ्याला तिरपे धरले की त्यावरून वाहणाऱ्या हवेची दिशा बदलते. शिडाने हवा एका बाजूला वळवली, म्हणजे न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवा शिडाला उलट बाजूला ढकलणार. या बलाचा मोठा भाग फळीला आडवी सरकवू पाहतो, तर लहान भाग पुढे नेतो. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट असते. पाण्यातील पाते फळीला आडवी सरकू देत नाही. मग उरते ते पुढचे बल, आणि फळी पुढे धावते.

हे पटत नसेल तर एक प्रयोग करा. कलिंगडाची ओली बी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरून दाबा. दाब दोन्ही बाजूंनी आहे, पण बी सुळकन पुढे उडते. फळीचेही तसेच आहे. एक बोट वाऱ्याचे, दुसरे पाण्याचे.

मात्र अगदी वाऱ्याच्या समोर सरळ जाता येत नाही. शीड नुसते फडफडते. म्हणून वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन करून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला असे नागमोडी जावे लागते. समोर ५०० मीटरवर पोहोचायचे असेल, तर अशा वाटेने सुमारे ७०७ मीटर अंतर पडते. का, ते पायथागोरसच्या सिद्धांताने तुम्हीच काढून पाहा.

सुकाणू कोठे आहे?

या फळीला सुकाणू नसते. डोलकाठी फळीत घट्ट रोवलेली नसून सर्व दिशांना वळणाऱ्या सांध्यावर बसवलेली असते. ती पुढे झुकवली की फळीचे नाक वाऱ्यापासून दूर वळते. मागे झुकवली की वाऱ्याकडे वळते. स्वार स्वतः मागे रेलून आपल्या वजनाने शिडाची ओढ तोलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ही ओढ सुमारे चौपट होते. नवशिक्याने जोराच्या वाऱ्यात का जाऊ नये, हे यावरून कळेल.

हे साधन फार जुने नाही. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील हेलिंग बेटावर १९५८ मध्ये पीटर चिल्व्हर्स या बारा वर्षांच्या मुलाने फळीला शीड जोडून ती पाण्यावर चालवली होती. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेत जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी अशा फळीच्या एकस्वासाठी अर्ज केला. या एकस्वाचा वाद ब्रिटनमध्ये न्यायालयात गेला, तेव्हा त्या शाळकरी मुलाची फळी पुरावा म्हणून पुढे आली आणि तेथील एकस्व रद्द ठरले! १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथम समावेश झाला.

बाबांनी दादाला का अडवले?

चेंडूला किंवा हवा भरलेल्या ट्यूबला पाण्यात पाते नसते. पाण्याला धरून ठेवणारे काहीच नसल्याने वारा नेईल तिकडेच त्यांना जावे लागते. हलका चेंडू पोहणाऱ्यापेक्षा वेगाने सरकू शकतो. त्याला गाठण्याच्या नादात माणूस दूर जातो आणि परतताना वारा तोंडावर येतो. ट्यूबवर बसलेल्या मुलाची तर याहून वाईट गत होते. दुपारी शीड हातातून सुटले, तरी वारा फळीला किनाऱ्याकडे आणतो. सकाळी तोच तिला खोल समुद्रात नेतो.

म्हणूनच विंडसर्फिंग शिकणाऱ्याला आधी बजावतात: काहीही झाले तरी फळी सोडून पोहू नकोस. फळी बुडत नाही, आणि एकट्या माणसाच्या डोक्यापेक्षा ती दुरून लवकर दिसते. तिच्यावर बसून दोन्ही हात बाजूंना पसरावेत आणि सावकाश वर-खाली करावेत. मदत हवी असल्याची ही खूण आहे. अशी खूण दिसली, तर आपण पाण्यात उडी न घेता जीवरक्षकाला बोलवावे.

पुढच्या वेळी समुद्रावर जाल, तेव्हा पाण्यात उतरण्यापूर्वी हातरुमालाचे एक टोक धरून उभे राहा. रुमाल जमिनीकडे फडफडला तर वारा परत आणणारा आहे. समुद्राकडे फडफडला तर बाहेर नेणारा. लाटांकडे मागाहून पाहा, आधी रुमालाकडे पाहा. आणि चेंडू गेलाच, तर खुशाल जाऊ द्या.